दाताला कीड लागली, आता फिलिंग कोणतं करायचं? चांदी, सिमेंट की दाताच्या रंगाचं?

तुम्ही दवाखान्यातल्या खुर्चीत आडवे झालेले असता. तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा. डॉक्टर छोट्या आरशातून दाढ बघतात आणि विचारतात, "कीड लागलीये, फिलिंग करावं लागेल. साधं सिमेंट भरू की दाताच्या रंगाचं करू?" तोंडात कापूस असतो, त्यामुळे धड बोलताही येत नाही. मनात तेव्हा दोनच प्रश्न असतात. दुखेल का? आणि पैसे किती होतील?

मग बहुतेक जण मान हलवून सांगतात, "जे चांगलं असेल ते करा."

अडचण अशी की सगळ्या दातांसाठी 'चांगलं' असं एकच फिलिंग नसतं. पुढच्या दाताला जे उत्तम, ते हिरडीखाली गेलेल्या किडीला चालेलच असं नाही. सात वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेसाठी जे योग्य, ते त्याच्या बाबांच्या दाढेत वर्षभरात झिजून जाऊ शकतं. म्हणून खुर्चीत बसण्याआधीच हा विषय समजून घेतलेला बरा.

'कीड' म्हणजे नक्की काय?

कीड हा शब्द फसवा आहे. दातात अळी किंवा किडा नसतो. पण ही समजूत जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडायचा उपाय गावोगावी माहीत होता, आणि युरोपातही अशीच धुरी घेतली जायची. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात या किड्याची कल्पना नाकारली. १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने खरं कारण मांडलं: तोंडातले जिवाणू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

आजही स्पष्टीकरण तेच आहे. आपण गोड खाल्लं की दातावरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या आवरणातली, म्हणजे इनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. काही वेळाने लाळ हे आम्ल निवळते आणि थोडी खनिजं परतही भरते. म्हणूनच एका वेळी किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. दर तासाला साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट असेल, तर लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

सुरुवातीला दातावर फक्त खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर फ्लोराइडची टूथपेस्ट, डॉक्टरांनी लावलेलं फ्लोराइड वार्निश आणि खाण्याच्या सवयीत बदल एवढ्यावर कीड थांबू शकते. म्हणजे फिलिंग लागतच नाही.

एकदा खड्डा पडला की मात्र तो आपोआप भरत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. तयार झालेल्या इनॅमलमध्ये पेशीच नसतात. त्याखालचा डेंटिनचा थर तुलनेने मऊ असतो, त्यामुळे कीड तिथे पोचली की वेगाने पसरते. वरून बारीक काळं भोक आणि आत मोठी पोकळी, असं म्हणूनच दिसतं. इनॅमलला संवेदना नसल्यामुळे सुरुवातीला दुखतही नाही. 'दुखत नाही म्हणजे कीड नाही' हा समज त्यामुळेच महागात पडतो.

निवड इतकी महत्त्वाची का?

कारण कोणतंही फिलिंग कायमचं नसतं.

फिलिंग काही वर्षांनी झिजतं, तुटतं किंवा त्याच्या कडेने पुन्हा कीड लागते. मग ते काढून नवीन भरावं लागतं आणि दर वेळी आजूबाजूचा थोडा चांगला दातही कोरला जातो. लहान फिलिंगचं मोठं होतं, मोठ्याची कॅप होते, मध्येच नस दुखावली तर रूट कॅनल होतं आणि शेवटी दाढ काढायची वेळ येते. हा प्रवास काही दाढांमध्ये ४०-५० वर्षांत होतो, तर काहींमध्ये १० वर्षांतच.

विशीत पहिलं फिलिंग करणाऱ्या मुलीला ती दाढ अजून ५०-६० वर्षं वापरायची आहे. तेव्हा 'दिसायला कोणतं छान?' किंवा 'स्वस्त कोणतं?' या प्रश्नांच्या आधी विचारायचा प्रश्न असा: माझा स्वतःचा दात सर्वांत कमी घालवून सर्वांत जास्त टिकेल असं कोणतं?

आता एकेक प्रकार बघू.

१. चांदी, म्हणजेच अमाल्गम

आई-वडिलांच्या किंवा आजीच्या दाढेत जे काळसर, धातूसारखं दिसतं ते हे. आपण त्याला चांदी म्हणत असलो तरी त्यात चांदीपेक्षा जास्त पारा असतो. चांदी, कथील आणि तांबं यांची भुकटी पाऱ्यात कालवली की लोण्यासारखा गोळा होतो. तो खड्ड्यात दाबून भरला की काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतो. वजनाने जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचा असतो. घट्ट झाल्यावर हा पारा इतर धातूंशी बांधला जातो, सुटा राहत नाही.

गुण अनेक आहेत. चावण्याचा जोर उत्तम सोसतं, थोडी लाळ लागली तरी बिघडत नाही, लवकर होतं आणि स्वस्त असतं. नीट भरलेलं अमाल्गम १०-१५ वर्षं सहज टिकतं. त्याहून कितीतरी जास्त टिकलेलीही तुम्ही घरात पाहिली असतील.

दोष दोन. पहिला, ते काळं दिसतं. दुसरा दोष कमी लोकांना माहीत असतो: ते दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावं म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा कोरावा लागतो. म्हणजे कीड नसलेला दातही थोडा घालवावा लागतो.

पाऱ्याचा वाद जुनाच आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या एका संघटनेने 'अमाल्गम वापरणार नाही' अशी शपथच सभासदांना घ्यायला लावली होती. त्या भांडणात अखेर ती संघटनाच मोडली आणि अमाल्गम पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात राहिलं.

आज ते मागे पडतंय, त्याचं मोठं कारण पर्यावरण आहे. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. २०२२ मध्ये या करारातल्या देशांनी १५ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी अमाल्गम टाळायचं ठरवलं. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद वगळता, त्याचा वापर बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात झालेल्या बैठकीत २०३४ पर्यंत जगभरात ते थांबवायचं ठरलं. आपल्या शहरांतल्या अनेक खासगी दवाखान्यांत ते आता मिळतही नाही.

मग आईच्या दाढेतली जुनी चांदी काढून टाकायची का?

व्हॉट्सअ‍ॅपवर 'दातातलं विष' अशा नावाने फिरणारे व्हिडिओ पाहून हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात उत्तर: फिलिंग शाबूत असेल, कडेने कीड नसेल, त्रास नसेल, तर काढू नका.

मिनामाता या जपानी गावात लोकांचे जे हाल झाले, ते कारखान्याने समुद्रात सोडलेल्या आणि माशांमधून पोटात गेलेल्या मिथाइल पाऱ्यामुळे. दातातल्या फिलिंगमधून चावताना अगदी थोडी पाऱ्याची वाफ निघते, आणि सर्वसाधारण निरोगी माणसाला त्यातून आजार होतात असं उपलब्ध अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. उलट फिलिंग कोरून काढताना ही वाफ जास्त निघते आणि चांगला दातही जातो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०२० मध्ये गरोदर स्त्रिया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेले लोक यांनी नवीन अमाल्गम टाळावं असं सांगताना, चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग गरज नसताना काढू नका असंही बजावलं आहे. पाऱ्याची खरी अ‍ॅलर्जी असू शकते, पण ती क्वचित आढळते.

२. दाताच्या रंगाचं, म्हणजेच कॉम्पोझिट

सध्या सर्वांत जास्त सुचवलं जाणारं फिलिंग हे. रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थात काचेची किंवा सिलिकाची अतिशय बारीक भुकटी मिसळून ते बनतं. दाताच्या छटेशी जुळणारा रंग निवडता येतो.

याची गोष्ट दोन शोधांवर उभी आहे. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं की इनॅमलवर थोडा वेळ आम्ल लावलं तर त्यावर बारीक खाचा पडतात आणि रेझिन त्यात घट्ट पकडून बसतं. पुढे १९६२ साली राफाएल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचा पाया असलेल्या रेझिनचं पेटंट घेतलं.

दवाखान्यात घडतं ते असं: कीड काढायची, दात पूर्ण कोरडा करायचा, आम्लाची जेल काही सेकंद लावून धुवायची, चिकटद्रव्य लावायचं आणि मग कॉम्पोझिट साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरायचं. प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करायचा. एकदम सगळं भरलं तर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही आणि आतलं फिलिंग कच्चं राहतं. एकाच थरात जास्त खोल भरता येणारी खास कॉम्पोझिटही आता मिळतात, पण त्यांनाही मर्यादा आहेच.

सर्वांत मोठा फायदा म्हणजे ते दाताला चिकटतं. त्यामुळे फक्त किडलेला भाग काढला तरी पुरतं. एखादा कोपरा तुटला तर सगळं न काढता तेवढाच दुरुस्त करता येतो.

आणि तोटे? कॉम्पोझिट कडक होताना किंचित आकसतं. भरताना घाई झाली तर कडेला सूक्ष्म फट राहते आणि त्या फटीतून कीड परत शिरते. दात कोरडा नसेल, हिरडीतून रक्त येत असेल, तर पकडच बसत नाही. चहा, तंबाखू, पान यांनी कालांतराने त्यावर डाग पडतात. वेळ जास्त लागतो आणि म्हणून पैसेही जास्त.

टिकण्याबाबत प्रामाणिकपणे सांगायचं, तर मागच्या दाढांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने घेतलेला आढावा असं दाखवतो की कॉम्पोझिट निकामी होण्याचा धोका अमाल्गमच्या जवळजवळ दुप्पट होता, आणि पुन्हा कीड लागणं हे त्यातलं मोठं कारण होतं. मात्र त्यातल्या चाचण्या जुन्या साहित्यावरच्या होत्या. आज नीट केलेलं कॉम्पोझिट ७-१० वर्षं आणि त्याहून जास्तही टिकतं. मुद्दा 'नीट केलेलं' हा आहे. अमाल्गम डॉक्टरांची घाई काही प्रमाणात खपवून घेतं, कॉम्पोझिट घेत नाही.

३. सिमेंट, म्हणजेच ग्लास आयोनोमर

डॉक्टर 'साधं सिमेंट' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा हे असतं. दवाखान्यात त्याला जीआयसी म्हणतात. विशिष्ट काचेची भुकटी आणि एक सौम्य आम्ल एकत्र कालवून ते तयार होतं. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या विल्सन आणि केंट यांनी विकसित केलेलं हे सिमेंट १९७० च्या दशकात वापरात आलं.

ते दाताला रासायनिकरीत्या आपणहून चिकटतं, आम्ल लावून खाचा पाडाव्या लागत नाहीत. थोडा ओलावा असला तरी कॉम्पोझिटइतकं बिनसत नाही. शिवाय त्यातून हळूहळू फ्लोराइड बाहेर पडत राहतं. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज आणि ड्रिलचं यंत्र नसलेल्या ठिकाणी, फक्त हातातल्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत सुरू झाली. ती पुढे याच सिमेंटच्या जोरावर अनेक देशांत पसरली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमरचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

कमी पडतं ते ताकदीत. मोठ्या माणसाच्या दाढेवर जिथे रोज भाकरी, चणे, सुपारीचा जोर येतो, तिथे ते झिजतं आणि तुटतं. रंग दातासारखा असला तरी कॉम्पोझिटची चमक त्याला नसते. यातच थोडं रेझिन घालून केलेला सुधारित प्रकारही मिळतो. तो जास्त मजबूत असतो आणि निळ्या प्रकाशाने लगेच कडक होतो.

इथे एक सावधगिरी. 'सिमेंट' हाच शब्द तात्पुरत्या फिलिंगलाही वापरला जातो. लवंगेच्या तेलाचा वास येणारं पांढरं फिलिंग असेल, तर ते काही दिवस किंवा आठवड्यांपुरतं असतं. ते भरलं की ठणका थांबतो आणि माणूस परत दवाखान्यात जातच नाही. दोन-चार महिन्यांत ते निघून येतं आणि आतली कीड नसेपर्यंत पोचलेली असते. म्हणून 'हे तात्पुरतं आहे की कायमचं?' हे नक्की विचारा.

४. इनले, ऑनले आणि कॅप

खड्डा खूप मोठा असेल, दाढेचे उंचवटे तुटले असतील, तर तोंडात भरलेलं फिलिंग उरलेल्या पातळ भिंतींना सांभाळू शकत नाही. चावताना दाढ उभी चिरते. अशा वेळी दाताचं माप घेऊन प्रयोगशाळेत तुकडा बनवतात आणि तो चिकटवतात. खड्ड्यात बसणारा तो इनले, उंचवटेही झाकणारा तो ऑनले, आणि पूर्ण दात झाकणारी ती कॅप. हे सिरॅमिकचे, कॉम्पोझिटचे किंवा धातूचे असतात. सोन्याचे इनलेही फार टिकाऊ मानले जातात, पण त्यांचा खर्च आणि रंग पाहता आता ते क्वचितच करतात.

यासाठी बहुधा दोन फेऱ्या लागतात आणि खर्च साध्या फिलिंगच्या कितीतरी पट होतो. पण योग्य वेळी केलेला ऑनले दाढ चिरण्यापासून वाचवतो, आणि कॅपपेक्षा त्यात दात कमी कोरावा लागतो.

मग कोणत्या दाताला काय?

* हसताना दिसणारे पुढचे दात: कॉम्पोझिट. रंग जुळतो आणि इथे चावण्याचा जोरही दाढेइतका नसतो.

* दाढेच्या वरच्या खळग्यातली लहान किंवा मध्यम कीड: दात कोरडा ठेवता येत असेल तर कॉम्पोझिट. चांगला दात कमी जातो हा मोठा फायदा.

* दोन दाढांच्या फटीतली कीड: ही सर्वांत अवघड जागा. एक्स-रेशिवाय ती बऱ्याचदा दिसतच नाही. इथे शेजारच्या दाढेशी घट्ट टेकेल असा आकार देणं महत्त्वाचं, नाहीतर प्रत्येक जेवणात अन्न अडकतं. कॉम्पोझिट करता येतं, पण खड्डा हिरडीखाली गेला असेल आणि ओलावा थांबत नसेल, तर तळाला ग्लास आयोनोमर आणि वर कॉम्पोझिट असा दुहेरी मार्ग डॉक्टर घेतात. उपलब्ध असेल तिथे प्रौढांसाठी अमाल्गमही योग्य पर्याय ठरू शकतो.

* हिरडीलगत पडलेली खाच: ही बऱ्याचदा कीड नसून झीज असते. ताठ केसांच्या ब्रशने आडवं घासणं, राखुंडी किंवा मशेरी लावणं ही त्याची नेहमीची कारणं. इथे सुधारित ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिट भरतात. पण घासण्याची पद्धत बदलली नाही तर फिलिंगही झिजून जाईल. मशेरी तर तंबाखूच आहे. ती सोडायची कारणं दातांपुरती नाहीत.

* मुलांच्या दुधाच्या दाढा: 'पडणारच आहेत, कशाला भरायच्या?' असं म्हणू नका. दुधाच्या मागच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. लहान किडीला ग्लास आयोनोमर, मोठ्या किडीला स्टीलची तयार कॅप. मूल खुर्चीत बसूच देत नसेल, तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव लावून कीड थोपवता येते. किडलेला भाग त्याने काळा पडतो, हे आई-वडिलांना आधी माहीत हवं.

* आजी-आजोबांचे दात: हिरड्या खाली सरकून मुळं उघडी पडलेली असतात. रक्तदाबाच्या किंवा इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं संरक्षण कमी होतं. मुळावरच्या अशा किडीला फ्लोराइड देणारं ग्लास आयोनोमर सोयीचं पडतं.

* निम्म्याहून जास्त दाढ गेलेली: मोठं फिलिंग करून पैसे वाचवायचा मोह टाळा. ऑनले किंवा कॅपबद्दल विचारा.

फिलिंगने भागत नाही ते कधी?

थंड लागताच सणक येते आणि थंड बाजूला केल्यावर लगेच थांबते, तर बहुधा नस अजून सावरण्याजोगी असते. पण गरम चहाने ठणका सुरू होऊन मिनिटभराहून जास्त राहत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, चावताना दात उंच झाल्यासारखा दुखत असेल किंवा हिरडीवर पुवाची पुळी आली असेल, तर कीड नसेपर्यंत गेल्याची शक्यता मोठी. तिथे कितीही महागडं फिलिंग केलं तरी दुखणं थांबणार नाही, रूट कॅनल लागेल.

याच्या उलटही लक्षात ठेवा. कीड खोल असली तरी दर वेळी रूट कॅनल लागतंच असं नाही. नस निरोगी असेल, तर तिच्याजवळ औषधी थर देऊन त्यावर फिलिंग करता येतं. गाल किंवा जबडा सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न

१. कीड किती खोल आहे? एक्स-रेमध्ये दाखवाल का?
२. फिलिंग न करता फ्लोराइड लावून, लक्ष ठेवून चालेल का?
३. या जागेसाठी तुम्ही हेच का सुचवताय? दुसरा पर्याय कोणता?
४. कॉम्पोझिट करणार असाल तर दात कोरडा कसा ठेवणार? दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावला तर उत्तम. कापूस आणि लाळ ओढणारी नळी नीट वापरूनही काम होतं.
५. हे तात्पुरतं की कायमचं? परत कधी यायचं?
६. एकूण खर्च किती, आणि पुढे कॅप लागण्याची शक्यता आहे का?

हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. काळजीने काम करणारे डॉक्टर याची उत्तरं आनंदाने देतात. गरोदर असाल, काही अ‍ॅलर्जी असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते मात्र न विचारता आधी सांगा.

खर्चाची अडचण असेल, तर दात तसाच ठेवू नका. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय अशा ठिकाणी खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो. तेवढी सवड काढून जा.

फिलिंग झाल्यावर

बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तोवर काही चावू नका, गाल किंवा जीभ चावली तरी कळत नाही. लहान मुलांवर तर खास लक्ष ठेवा. कॉम्पोझिट तिथेच कडक होतं, पण अमाल्गम पूर्ण घट्ट व्हायला दिवसभर लागतो. ग्लास आयोनोमरलाही पहिला दिवस कडक खाण्यापासून जपावं.

काही दिवस थंड-गरम लागणं स्वाभाविक आहे. मात्र चावताना तोच दात आधी टेकतोय असं वाटलं, तर 'सवय होईल' म्हणून थांबू नका. फिलिंग केसभर उंच राहिलेलं असतं. रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टर ते पाच मिनिटांत घासून देतात. तसंच ठेवलं तर दात दुखावतो. दोन आठवड्यांनंतरही सणक कमी होत नसेल किंवा वाढत असेल, तर परत दाखवा.

आणि फिलिंग झालं म्हणजे त्या दाताला आता कीड लागणार नाही असं नाही. कीड फिलिंगला लागत नाही, त्याच्या कडेच्या दाताला लागते. रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या टूथपेस्टने घासणं, दोन दातांच्या फटी दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने साफ करणं, गोड खाण्याच्या वेळा कमी करणं आणि वर्षातून किमान एकदा दात दाखवून येणं, यावरच कोणतंही फिलिंग किती वर्षं टिकणार ते ठरतं.

पुढच्या वेळी डॉक्टर "कोणतं करू?" असं विचारतील, तेव्हा "जे चांगलं असेल ते" याऐवजी एवढंच विचारा, "माझा दात सगळ्यात जास्त कशाने वाचेल?" पुढचं बोलणं तिथून नीट सुरू होईल.